जागा हाय, काढ

"तिला म्हणावं, क्लचवरचा पाय हळू सोड."

हे मामंजी म्हणाले, म्हणजे माझे सासरे. ते गाडीत माझ्या डाव्या हाताला बसले होते. आमच्या दोघांच्या मध्ये गियरचा दांडा तेवढा होता, तरी बोलत होते ते समोरच्या काचेशी, आणि निरोप होता पाठीमागच्या सीटवर बसलेल्या सासूबाईंना.

"कुंदा, क्लच हळू सोड म्हणतायत," आत्या म्हणाल्या. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात.

"सोडते म्हणावं," मी म्हणाले आणि सोडला. गाडीनं एक गचका खाल्ला आणि बंद पडली.

"तिला म्हणावं, हळू म्हणजे काय ते माहेरी शिकवलं न्हाई का?"

"त्यांना म्हणावं, माझ्या माहेरी बैलगाडी होती. बैलांना क्लच नसतो."

यातलं काहीच आत्यांनी पुढं पोचवलं नाही. त्या नुसत्या "देवा पांडुरंगा" म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते आणि मामंजींचा नि माझा सात महिन्यांचा अबोला होता. एका घरात राहायचं, मी वाढायचं, त्यांनी जेवायचं, आणि मध्ये निरोप्या म्हणून आत्या. "हिला सांग, पाणी तापलं का बघ." "त्यांना सांगा, तापलंय." दोघंही एका खोलीत उभे असायचो. येणारी पाव्हणी हसायची आमच्यावर. पण मीही काही कमी नव्हते. ते बोलत नाहीत, तर माझं काय अडलंय? माझंही तोंड बंद.

अडलं ते आत्यांमुळं. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कराडला नेऊन डायलिसिस करायचं, नाहीतर बाई जगायची नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. आमचं गाव पाटणच्या खोऱ्यात आत, कराड पस्तीस किलोमीटर. एस.टी.नं दोनदा नेऊन बघितलं, येताना त्या सीटवरून खाली कोसळल्या. घरात मामंजींची पांढरी गाडी होती, पण त्यांना चालवायची परवानगी राहिली नव्हती. गावातला एक ड्रायव्हर आम्हाला न्यायचा, तो पुण्याला कंपनीत लागला. आमचे हे लष्करात, तेव्हा राजौरीला. राहिलं कोण?

"मी शिकते," मी म्हणाले.

"हिला विचार, शिकवणार कोण?" मामंजी म्हणाले.

आत्या दोघांकडं बघत राहिल्या. एकतीस वर्षं एस.टी. हाकलेला माणूस समोर बसला होता. त्याच्याशिवाय कोण शिकवणार होतं? त्यांनाही ते कळत होतं. म्हणून तर चेहरा असा केला होता.

तर अशी आमची शाळा सुरू झाली. रोज सकाळी गावाबाहेरच्या माळावर. मी स्टेअरिंगवर, मामंजी शेजारी, आणि दुखण्यानं अर्ध्या झालेल्या आत्या मागं, उशीला टेकून. त्या नसत्या तर आम्हाला एकमेकांशी बोलता आलं नसतं.

दुसऱ्याच दिवशी मी गाडी उकिरड्यात घातली. त्याचं असं झालं, की वळणावर मामंजी म्हणाले, "तिला सांग, ब्रेक." मला ऐकू आलं होतं. कान काही फुटले नव्हते माझे. पण मी म्हटलं, मला सांगितलेलं नाही ना? मग आत्या सांगू देत. आत्यांना खोकला आला. खोकला संपून त्यांचं "कुंदा, ब्रेक" येईपर्यंत पुढची दोन्ही चाकं शेणात होती.

मामंजींनी कपाळावर हात मारला. "हिला विचार, ही बहिरी हाय काय?"

"त्यांना सांगा, मला सांगितलेलं मला ऐकू येतं."

"अगं बयांनो," आत्या म्हणाल्या, आणि मामंजीही त्या बयांमध्ये आले. "माझ्यासाठी शिकताय का मला मारायला शिकताय?"

पण एक खरं सांगते. माणूस शिकवायला पक्का होता. चढावर गाडी उभी करून परत उचलायची, मागं जराही सरकू द्यायची नाही, हे मला जमेना. हँडब्रेक सोडला की गाडी मागं. तर त्यांनी घरातून माझ्याच हातचे उडदाचे पापड आणले आणि मागच्या चाकाला चिकटून एक ठेवला.

"तिला म्हणावं, पापड मोडला तर जेवणात तोच चुरा वाढून घ्यायचा."

पहिल्या दिवशी अकरा पापड मोडले. मी खरंच चुरा खाल्ला, त्यांच्या डोळ्यांसमोर, एक एक तुकडा वेचून. पाचव्या दिवशी पापड शाबूत राहिला. क्लच अर्ध्यावर येऊन इंजिनाचा आवाज जाड झाला, गाडी जरा थरथरली, मी हँडब्रेक सोडला, आणि गाडी सरळ वर. मामंजी खाली उतरले, वाकून पापड उचलला, झटकला, आणि काहीही न बोलता खिशात घातला. शाबासकी म्हणाल तर तेवढीच. मला त्यांचा असा राग आला! तोंडातून एक शब्द निघाला असता तर काय झिजले असते?

आता अबोला कशावरून, ते सांगते. मामंजी निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ही गाडी जुनी घेतली होती. गावात कुणाचं लग्न असो, कुणाचं बाळंतपण, रंगराव शेडगे हजर. लोक "ड्रायव्हरसाहेब" म्हणायचे. त्यात त्यांचा सगळा जीव होता. मग एका उन्हाळ्यात ते जेवताना मला टोकायला लागले. "मीठ वाढलं न्हाई." "लिंबू कुठाय?" "चटणी करायचा कंटाळा आला काय?" आणि ताटात डावीकडं मीठ, लिंबू, चटणी, सगळं जागच्या जागी! मी बोट लावून दाखवायचे, "हे काय, नाकासमोर." ते बघायचे, गडबडायचे आणि वर मलाच बोलायचे. मला वाटायचं, मुद्दाम छळतोय म्हातारा. दोन महिने आम्ही मिठावरून भांडलो. एक दिवस मी चिडून ताटच फिरवून ठेवलं. चटणी-मीठ उजवीकडं, भाजी डावीकडं. म्हटलं, आता काढा खोड. त्यांनी चटणीशी दीड भाकरी खाल्ली आणि म्हणाले, "आज भाजी न्हाई का केली?"

ताटातली डावी बाजू ज्याला दिसत नव्हती, तो माणूस गावातली बायकापोरं भरून घाट उतरत होता.

मी आधी त्यांनाच सांगितलं. त्यांनी उडवून लावलं. पुढं लायसन नवं करायला डॉक्टरचा दाखला लागला. कराडला मी आणि आत्या बरोबर गेलो. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, मामंजींनी खडाखडा वाचली. डॉक्टरांनी सहीला पेन उघडलं, आणि मी म्हणाले, "डॉक्टर, यांना जेवताना ताटातलं डावीकडचं दिसत नाही."

मग तपासण्या झाल्या. काचबिंदू निघाला. कडेची नजर गेलेली होती, डावीकडची जास्त, आणि ती परत येणारी नव्हती. सही झाली नाही. बाहेर स्टँडवर आमच्या गावची चार माणसं उभी होती. त्यांच्यासमोर मामंजी आत्यांना म्हणाले, "हिला सांग, आजपासून माझं तोंड हिच्यासाठी बंद."

त्यांनी ते काही कबूल केलं नाही. ज्याला त्याला सांगत सुटले, मला सगळं दिसतंय, सुनेनं डॉक्टरला पढवलं. आणि गावानं कुणाचं ऐकलं? ड्रायव्हरसाहेबांचंच! मी चक्कीवर गेले की बायका गप्प व्हायच्या. एकीनं तर तोंडावर विचारलं, "काय गं, सासऱ्याच्या ताटात इतकं काय बघत असतीस?" मी दळण तिथंच टाकून घरी आले आणि न्हाणीघरात जाऊन रडले. माझं चुकलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. पण माझं चुकलं नव्हतं. हे त्यांनी एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या तोंडानं म्हणावं, एवढंच मला पाहिजे होतं. सात महिने मी भाकरी थापताना सुद्धा तेच म्हणायचे.

जानेवारीतला तो शुक्रवार. मी शिकेपर्यंत आम्ही वडापची, सीटा भरून धावणारी जीप सांगायचो, त्याआधीच्या मंगळवारी ती आलीच नाही. डायलिसिस चुकलं. शुक्रवारपर्यंत आत्यांचं तोंड सुजून डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिल्या, आडवं पडलं की दम लागायचा. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "नऊच्या आत आणा. आज चुकलं तर मी काही सांगू शकत नाही."

माझी तोवर हमरस्त्यावर एकदाही गाडी गेली नव्हती.

"हिला विचार, जमंल का?" मामंजी म्हणाले.

"त्यांना सांगा, न जमून काय करणार?"

सातला निघालो. उसाचा हंगाम. रस्ताभर ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, बैलगाड्या, आणि त्यांतून आरडत जाणाऱ्या एस.ट्या. माझे हात घामानं स्टेअरिंगवरून सरकत होते. पहिल्या चढालाच गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता धिंगाणा.

"तिला सांग, तिसऱ्यावर चढ चढत न्हाई. दुसरा टाक."

"कुंदा, दुसरा..."

"टाकला म्हणावं."

"तिला सांग, हा दुसरा न्हवं, चौथा हाय! दांडा सरळ मागं वढ म्हणजे दुसरा न्हवं, आधी डावीकडं घे!"

"त्यांना सांगा, ओरडू नका, ओरडून गियर पडत नाही!"

"तिला सांग..."

"बास!"

हे आत्यांचं. एवढ्या मोठ्यानं त्या आयुष्यात कधी ओरडल्या नव्हत्या. आरशात मी बघितलं, त्या पुढच्या सीटला दोन्ही हातांनी धरून वाकल्या होत्या, तोंड उघडं.

"आता मी एक शब्द सांगणार न्हाई," त्या म्हणाल्या. प्रत्येक शब्दाला दम लागत होता. "जीव न्हाई माझ्यात. बोलायचं तर एकमेकांशी बोला. न्हाईतर मरू द्या मला हितंच."

मी आपली आपण गियर टाकत होते, काढत होते. मामंजी समोर बघत बसले होते, हात गुडघ्यांवर. तोंडातल्या तोंडात काहीतरी चाललेलं, पण बाहेर काही येत नव्हतं. आठ-दहा किलोमीटर असे गेले असतील. आणि मग ओढ्यावरचा पूल आला.

पूल अरुंद. पुलाच्या तोंडाशीच डाव्या अंगाला उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. ट्रॅक्टर सोडून नेलेला, चाकांना दगड लावलेले. उजव्या अंगाला कठडा. मधून जेमतेम वाट. पलीकडं एस.टी. थांबली होती, तिचा ड्रायव्हर हात हलवून मला बोलावत होता, "या ताई, या, काढा तुम्ही!" मागं दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. घड्याळात साडेआठ.

मी थांबले. ट्रॉलीच्या मागच्या फळीचा लोखंडी कोपरा बाहेर आलेला होता.

मामंजींनी मान पुढं केली. त्यांनी समोर बघितलं, उजवीकडं कठड्याकडं बघितलं. मग सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तोंड माझ्याकडं वळवलं.

"जागा हाय," ते म्हणाले. "काढ."

मला म्हणाले. आत्यांना नाही, काचेला नाही. मला.

मी पहिला टाकला. क्लच अर्ध्यावर आणला, गाडी थरथरली, आणि मी सोडली.

आधी आरसा गेला. मग खिडकीची काच फुटून मामंजींच्या मांडीवर सांडली, आणि मग पत्रा फाटत गेल्याचा आवाज, पुढच्या दारापासून मागच्यापर्यंत. तो आवाज येईपर्यंत मामंजी सरळ समोर बघत होते. कोपरा त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावरून गेला आणि त्यांनी मान सुद्धा हलवली नाही. पूल ओलांडून मी गाडी उभी केली. काच लागून त्यांच्या कानशिलातून रक्त येत होतं.

ट्रॉलीचा माणूस ओरडत धावत आला. "ओ बाई! डोळं हायत का गोट्या? एवढी ट्रॉली दिसत न्हाई? कुणी बसवलं हिला गाडीवर?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामंजी म्हणाले, "तिला काय बोलतोस? तिला मी सांगितलं काढ म्हणून."

"मग तुम्हाला दिसत न्हाई व्हय, आजोबा?"

मामंजींनी मांडीवरची काच दोन बोटांनी उचलली, बाहेर टाकली. दुसरी उचलली.

"न्हाई," ते म्हणाले. "मला न्हाई दिसली."

तो माणूस आपल्या ट्रॉलीकडं परत गेला. मामंजींच्या बाजूचं दार उघडेना, म्हणून मी खाली उतरले आणि ते गियरच्या दांड्यावरून पाय काढत, माझ्या सीटवरून सरकत बाहेर आले. मागच्या सीटवर जाऊन आत्यांचं डोकं त्यांनी आपल्या खांद्यावर घेतलं.

"चल," ते मला म्हणाले. "आता मी काय सांगत न्हाई. तुझं तू बघून चल."

नऊला पाच मिनिटं कमी असताना आम्ही दवाखान्यात पोचलो. आत्यांना लगेच आत घेतलं, मशीन लावलं. मामंजींच्या कानशिलावर पट्टी करायला त्यांना दुसऱ्या खोलीत नेलं. मी आत्यांच्या कॉटशेजारी स्टुलावर बसले. तासाभरानं आत्यांचा श्वास जरा खाली बसला. डोळे उघडून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"कुंदा, तुला दिसत होता ना गं तो कोपरा?"

आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. मला दिसत होता. स्वच्छ. जागा चांगली वीतभर कमी होती. थांबून विचार करायला माझ्याकडं वेळ होता, आणि मी विचार केला. म्हटलं, दिसतंय म्हणता ना सगळं? सात महिने गावभर सांगत फिरताय ना? आता बघाच. मागं मरणाच्या दारातली बाई होती, बाजूला म्हाताऱ्या माणसाचं डोकं होतं, आणि मी क्लच सोडला. गाडी तिथं अडकली असती तर आत्यांचं काय झालं असतं, हे मला तेव्हा सुचलंही नाही. सुचलं असतं तरी सोडला असता का? देव जाणे.

"हो," मी म्हणाले. आत्यांशी खोटं बोलायची ती वेळ नव्हती.

मला वाटलं, त्या आता मला शिव्या देतील. द्यायला पाहिजे होत्या. त्या वर मशीनकडं बघत राहिल्या.

"मला पण दिसत होता," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही ओरडला का नाही?"

"सात महिने रोज माझ्यापाशी येऊन बसायचे. म्हणायचे, मला दिसतंय गं, तू तरी सांग, दिसतंय ना मला? मी आपली हो म्हणायची. रोज हो म्हणायची." त्या थांबल्या. "कंटाळा आला होता गं मला हो म्हणायचा."

तेवढ्यात दारात मामंजी आले. कानशिलावर पांढरी पट्टी, हातात चहाचे दोन कप. भिंतीला खांदा घासत, पाऊल चाचपत चालत होते. घरात, माळावर, कुठंच ते असं चालत नव्हते, सात महिने त्यांनी कुणाला तसं चालून दाखवलं नव्हतं. एक कप त्यांनी माझ्यापुढं धरला.

"कुंदा," ते म्हणाले, "घे. दमली असशील. माझ्यामुळं उगंच गाडीचं वाटोळं झालं, तुझा काय दोष न्हवता."

मी आत्यांकडं बघितलं. त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं होतं. मी कप घेतला आणि चहा प्यायले.